सार्वजनिक क्षेत्रातले कार्यजीवन : मनावर ओझे नेमके कशाचे असते?

शाईदौत (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी,

मी गेली एकोणीस वर्षे एका सार्वजनिक विभागात काम करतो. कर्मचाऱ्यांच्या कार्यजीवनाची गुणवत्ता तपासण्यासाठी एक प्रश्नावली तयार करण्याचे काम सध्या माझ्याकडे आले आहे. मागच्या वेळची प्रश्नावली कपाटातून काढून पाहिली. तिच्यात खुर्ची, उजेड, पंखा, स्वच्छतागृह, कामाचे तास आणि रजा यांविषयी बावीस प्रश्न होते आणि मनाविषयी फक्त एक : 'आपण आपल्या कामाबाबत समाधानी आहात काय?' जवळजवळ सर्वांनी 'होय' असे लिहिले होते.

त्या 'होय'वर माझा विश्वास बसत नाही आणि त्याचे कारण माझ्या शेजारच्या टेबलावर आहे. तिथे बसणारे ज्येष्ठ सहकारी एक लांबट वही बाळगतात. वरिष्ठांकडे पाठवलेल्या प्रत्येक नस्तीचा, म्हणजे फाइलीचा, क्रमांक, विषय आणि तारीख ते तिच्यात लिहितात आणि निर्णय होऊन नस्ती परत आली की नोंदीसमोर लाल शाईने बरोबरची खूण करतात. कार्यालयाची आवक-जावक नोंदवही वेगळी आहे. ही वही त्यांची स्वतःची. परवा त्यांनी ती मला दाखवली, तेव्हा पानेच्या पाने खुणेवाचून गेलेली दिसली. काही नोंदींसमोर 'चर्चा करा' असे तीन-तीनदा लिहिले होते, म्हणजे ती नस्ती तेवढ्या वेळा त्या एकाच शेऱ्यानिशी खाली आली होती. ते म्हणाले, "कामाने मी कधी थकलो नाही. मी लिहिलेल्याचे पुढे काय झाले हे कळत नाही, त्याने थकलो."

रिचर्ड वॉल्टन यांनी १९७३ मध्ये कार्यजीवनाच्या गुणवत्तेच्या ८ कसोट्या मांडल्या. पुरेसे व न्याय्य वेतन आणि सुरक्षित, निरोगी परिस्थिती या पहिल्या दोन. पुढच्या कसोट्या मात्र स्वतःच्या क्षमता वापरता येतात का, पुढे जायला वाव आहे का, सहकाऱ्यांत स्थान आहे का, हक्क जपले जातात का, काम आणि उरलेले आयुष्य यांचा मेळ बसतो का आणि आपल्या कामाचे समाजात काही मोल आहे का, अशा आहेत. आमची प्रश्नावली पहिल्या दोन कसोट्यांच्या पुढे फारशी सरकलेलीच नव्हती. तुमच्या अनुभवात सार्वजनिक क्षेत्रातल्या माणसाच्या मनावर सर्वांत जास्त परिणाम कशाचा होतो आणि तो समजून घ्यायचा तर मी काय विचारावे?

अर्धविराम

प्रश्नावली निनावी असणार आहे का, हे आधी सांगा.

शाईदौत

होय, नाव विचारणार नाही.

अर्धविराम

नाव न विचारले म्हणजे प्रश्नावली निनावी झाली असे होत नाही. आमच्याकडच्या अर्जावर नाव नव्हते, पण पदनाम, शाखा आणि सेवेची वर्षे असे तीन रकाने होते. माझ्या शाखेत माझ्या पदावर दोनच माणसे होती आणि त्यांतल्या एकाला रुजू होऊन चार महिने झाले होते. मी सगळीकडे 'समाधानकारक' लिहून अर्ज परत केला. तुमच्या जुन्या प्रश्नावलीतले 'होय' कसे आले असतील, याचा अंदाज यावरून यावा.

नाडीपरीक्षा

मी कामगार-आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. या प्रश्नावरचा जगातला सर्वांत गाजलेला अभ्यास सरकारी कर्मचाऱ्यांवरच झालेला आहे. लंडनमधल्या सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. व्हाइटहॉल अभ्यास या नावाने ती ओळखली जाते आणि पुढे मायकेल मार्मट यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. त्या काळी सर्वसाधारण समजूत अशी होती की हृदयविकार हा मोठ्या जबाबदारीच्या, धावपळीच्या माणसांचा आजार आहे. प्रत्यक्षात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीत सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक निघाले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सारे हिशेबात धरूनही या फरकाचा मोठा भाग उलगडत नव्हता.

दुसरा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. त्यात १०,३०८ स्त्री-पुरुष कर्मचारी होते आणि या वेळी कामाच्या मानसिक बाजूविषयी मुद्दाम विचारले गेले. ज्यांना आपल्या कामावर स्वतःचे नियंत्रण कमी वाटत होते, त्यांना पुढच्या काळात हृदयविकाराचा धोका जास्त होता. कोणी म्हणेल की निराश माणूस सगळ्याच गोष्टींबद्दल वाईट बोलतो. पण याच कामांचे मूल्यमापन कर्मचारी-व्यवस्थापकांकडून स्वतंत्रपणे करून घेतले होते आणि त्यातूनही तेच दिसले.

तेव्हा शाईदौत, तुमच्या सहकाऱ्यांची वही मला हळवेपणाची गोष्ट वाटत नाही, ती आरोग्याची नोंदवही वाटते. माझ्याकडे तपासणीला येणारी माणसे 'काम फार आहे' असे क्वचितच म्हणतात. 'माझ्या हातात काही नाही' हे वाक्य मात्र मी आठवड्यातून अनेकदा ऐकते आणि बहुधा ते रक्तदाब मोजताना, दंडाला पट्टा बांधलेला असताना, खाली पाहत उच्चारलेले असते.

रांगेतला माणूस

मी सार्वजनिक सेवेत नाही. मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहणारा माणूस आहे, म्हणून माझे मत वेगळे आहे आणि ते राग न मानता वाचावे. नोकरी जाण्याची भीती नाही, पगार ठरलेल्या तारखेला होतो, निवृत्तीची तरतूद असते. खाजगी क्षेत्रात एका संध्याकाळी आलेल्या पत्राने संसार उघड्यावर पडतो. अशा वेळी सुरक्षित नोकरीतल्या माणसाच्या मनाची एवढी चिंता करणे मला समजत नाही. शिवाय लंडनच्या त्या अभ्यासात खालच्या श्रेणीतल्या माणसांचा पगारही कमी असणारच. मग तो फरक गरिबीचा कशावरून नाही?

मोजपट्टी

रांगेतला माणूस, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. त्या अभ्यासातले कोणीही बेकार किंवा अन्नान्नदशेतले नव्हते. सर्वांना कायम नोकरी होती. आणि फरक फक्त तळ आणि शिखर यांच्यात नव्हता. वरून दुसऱ्या पायरीवरच्या, चांगला पगार आणि शिक्षण असलेल्या माणसांची स्थितीही सर्वांत वरच्या पायरीपेक्षा वाईट होती. निव्वळ गरिबीने ही पायरी-पायरीची उतरण समजत नाही. पैशाचा काहीच वाटा नव्हता, असे मात्र मी म्हणणार नाही.

सुरक्षिततेबद्दल फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९५९ मधले विवेचन उपयोगी आहे. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि लेखापालांना त्यांनी कामातले अतिशय चांगले व अतिशय वाईट प्रसंग विचारले. पगार, स्थैर्य, नियम आणि देखरेख या गोष्टी बिघडल्या की असमाधान येते. पण त्या सुधारल्या म्हणून समाधान येतेच असे नाही. समाधान येते ते काम तडीस गेल्याने, त्याची दखल घेतली गेल्याने आणि कामातच काही रस असल्याने. म्हणजे सुरक्षित नोकरी माणसाला एका दुःखापासून वाचवते, दुसऱ्यापासून नाही. या पद्धतीवर घेतलेला आक्षेपही सांगायला हवा : चांगल्याचे श्रेय स्वतःला आणि वाईटाचा दोष परिस्थितीला देण्याची माणसाची सवय त्या उत्तरांत मिसळलेली असू शकते.

खिडकी क्रमांक तीन

रांगेतल्या माणसाचा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस लिहावे की न लिहावे या विचारात होते, कारण मी त्याच खिडकीच्या आतल्या बाजूला बसते.

नियम मी केलेला नाही, तो बदलण्याचा अधिकार मला नाही, पण 'नाही' हा शब्द माझ्या तोंडून जातो आणि त्यावरचा संतापही माझ्याच तोंडावर येतो. दिवसभर शांत चेहरा ठेवणे हे माझ्या कामाच्या यादीत कुठेही लिहिलेले नाही आणि तरी तेच माझे सर्वांत कष्टाचे काम आहे. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविका आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी यांच्या संदर्भात या प्रकाराला भावनिक श्रम असे नाव दिले. ते वाचले तेव्हा आपल्या दुखण्याला नाव आहे, एवढ्यानेच मला बरे वाटले होते.

पण शिव्यांपेक्षा खोल जाणारी गोष्ट दुसरी आहे. एक वृद्ध बाई तीन वेळा आल्या होत्या. त्यांच्या दोन कागदपत्रांत नावाचे एक अक्षर वेगळे होते. माणूस एकच आहे हे मला दिसत होते, माझ्या शेजारणीला दिसत होते, रांगेतल्या मागच्या माणसालाही दिसत होते. नियमाप्रमाणे अर्ज परत करायचा होता, म्हणून मी तिसऱ्या वेळी तो परत केला. त्या काहीही बोलल्या नाहीत. त्यांनी कागद काचेवर ठेवला, जुन्या घड्यांवरच पुन्हा घडी घातली, आणि एका घडीशी तो जिथे फाटत आला होता तिथे अंगठ्याने हलकेच दाबून पिशवीत ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. कोणी ओरडून गेले असते तर लागली असती.

पायवाट

खिडकीताई, तुम्ही लिहिले आहे त्याला परिचर्येच्या क्षेत्रात स्वतंत्र नाव आहे. योग्य काय ते माणसाला कळते, पण संस्थेची चौकट ते करू देत नाही, या अवस्थेचे वर्णन अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नैतिक क्लेश असे केले. मी सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका होते आणि खाट नाही म्हणून माणसाला परत पाठवताना मला जे होत असे, ते थकवा या शब्दात बसत नव्हते. सुट्टी घेतली की थकवा उतरतो. हे सुट्टीत वाढत असे.

जेम्स पेरी आणि लोईस वाइज यांनी १९९० मध्ये लोकसेवेची प्रेरणा ही संकल्पना मांडली, तेव्हा त्यांचा भर अशा लोकांवर होता जे लोकांच्या उपयोगी पडण्यासाठी या क्षेत्राकडे ओढले जातात. माझ्या पाहण्यात अशी माणसेच सर्वांत आधी खचतात. ज्याने काही मनात धरलेच नव्हते, त्याला अर्ज परत करताना काही तुटत नाही.

रांगेतला माणूस

खिडकीताई, मी मागच्या वर्षी एका खिडकीवर आवाज चढवला होता. माझा कागद परत करणारी बाई वर न पाहता बोलली, म्हणून मला राग आला होता. आज वाटते की ती वर पाहू शकत नसेल. माझे पहिले म्हणणे मी पूर्णपणे मागे घेत नाही. काम न करणारी माणसेही मी पाहिली आहेत आणि त्यांचाही या चर्चेत विचार व्हावा. पण त्या बाईंचे काय झाले, हे कृपया सांगा.

रिकामे टेबल

काम न करणाऱ्या माणसाचा विचार व्हावा असे वर म्हटले आहे, तर त्या माणसाच्या बाजूने मी लिहितो.

एका खरेदीच्या नस्तीवर मी माझे वेगळे मत लेखी नोंदवले. महिनाभरात माझी बदली त्याच इमारतीतल्या अशा शाखेत झाली की जिथे शाखा होती, फलक होता, टेबल होते आणि काम नव्हते. सात महिने माझ्या टेबलावर एकही नस्ती आली नाही. पगार वेळेवर होत होता. पहिल्या महिन्यात मी जुने नियम वाचून काढले. दुसऱ्या महिन्यात सगळ्या पेन्सिलींना टोक केले. पुढे पुढे मी खिडकीतून समोरच्या इमारतीच्या सावलीवर वेळ ओळखायला शिकलो, कारण घड्याळाकडे पाहणे सोसवत नव्हते. बाहेरून मी 'फुकटचा पगार खाणारा' दिसत असणार.

मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल या गावाचा अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. कारखाना बंद पडून बहुतेक गाव बेकार झाले होते. हाताशी भरपूर वेळ असूनही माणसे वाचेनाशी झाली, त्यांची चाल मंदावली, दिवसाचा आकार हरवला. याहोदा यांनी पुढे मांडले की काम पैशाव्यतिरिक्तही बरेच काही देते : दिवसाला शिस्त, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, सामूहिक उद्देशात वाटा, समाजातले स्थान आणि हातांना नियमित काही करायला. माझ्याकडे पगार होता आणि बाकी सगळे गेले होते. सात महिन्यांनी मला पुन्हा काम मिळाले, तेव्हा साधी टिपणी लिहायला माझा अख्खा दिवस गेला. तीन ओळी लिहून मी त्या खोडत होतो.

मोजपट्टी

रिकामे टेबल यांनी जे सांगितले, ते रॉबर्ट कॅरासेक यांच्या १९७९ च्या मांडणीत नेमके बसते. कामाचा रेटा किती आणि निर्णयाचे स्वातंत्र्य किती, या दोन गोष्टी त्यांनी एकत्र पाहिल्या. रेटा जास्त आणि स्वातंत्र्य कमी असेल तर ताण सर्वाधिक. रेटा जास्त आणि स्वातंत्र्यही जास्त असेल तर माणूस त्या कामात शिकतो, वाढतो. पण रेटा कमी आणि स्वातंत्र्यही कमी असेल, तर ते काम माणसाला निष्क्रिय करते आणि त्याच्याजवळ असलेली कौशल्येही झिजतात. खोडलेल्या तीन ओळी म्हणजे हीच झीज. आळशी म्हणून ओळखली जाणारी कित्येक माणसे अशी घडवलेली असतात, हे मी रांगेतल्या माणसाला नम्रपणे सांगू इच्छितो. सगळी नाही, पण कित्येक.

सांजवात

आमच्याकडे ताणावर उपाय म्हणून ध्यान-श्वसनाची कार्यशाळा झाली. शिकवणारे चांगले होते आणि मला त्याचा फायदाही झाला. पण कार्यशाळा संपवून जागेवर आले, तेव्हा शाखेतली रिक्त पदे न भरल्यामुळे टेबलावर तीच तीन माणसांची कामे होती. त्यानंतर कोणी ताणाबद्दल बोलले की 'तुम्ही कार्यशाळेला होता ना?' असे विचारले जाऊ लागले आणि ताण हा जणू माझ्या श्वास घेण्यातला दोष ठरला.

नाडीपरीक्षा

सांजवात, हे फार महत्त्वाचे लिहिलेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती स्वीकारताना कामातून येणाऱ्या शोषाला, म्हणजे बर्नआउटला, आजार न म्हणता व्यवसायाशी निगडित घटना म्हटले आणि व्यवस्थित न हाताळल्या गेलेल्या कामाच्या दीर्घ ताणाशी त्याचा संबंध जोडला. तो ताण हाताळण्याची जबाबदारी एकट्या कर्मचाऱ्याची आहे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. क्रिस्तिना मासलाख यांच्या मांडणीत या शोषाच्या तीन बाजू आहेत : भावनिक रितेपण, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. खिडकीतून वर न पाहता बोलणारी बाई उद्धट असेल असे नाही. ती दुसऱ्या बाजूपर्यंत पोचलेली असू शकते.

उतरंड

मी वरिष्ठ पदावर आहे आणि 'चर्चा करा' हा शेरा मी स्वतः शेकडो नस्त्यांवर लिहिलेला आहे. त्यामुळे हा धागा वाचणे मला सोपे गेले नाही.

तो शेरा कसा लिहिला जातो, हे प्रामाणिकपणे सांगतो. संध्याकाळी टेबलावर चाळीस-पन्नास नस्त्या असतात. त्यांतली एक अशी असते की टिपणी बरोबर वाटते, पण दहा वर्षांनी एखादा लेखापरीक्षक आक्षेप घेऊ शकेल अशी एक जागा तिच्यात असते. निर्णय घेतला आणि तो चुकला, तर चौकशी माझी होते, ती निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही. निर्णय लांबवला तर मला सहसा कोणीही काही विचारत नाही. लांबलेल्या निर्णयाचे नुकसान बाहेर, रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे होते आणि ते कोणत्याही नस्तीत नोंदले जात नाही. अशा वेळी हात आपोआप ते दोन शब्द लिहितो. ती नस्ती खाली जाते, चर्चेला कोणी येत नाही, कारण माझ्याकडे यायला ते घाबरतात आणि मी बोलावत नाही, कारण माझ्यासमोर दुसऱ्या दिवशीच्या चाळीस नस्त्या असतात.

मला कधीही असे वाटले नव्हते की खाली कोणी एका वहीत त्या शेऱ्यांची मोजदाद करत असेल. गेल्या आठवड्यापासून मी एक केले आहे : 'चर्चा करा' असे लिहायचेच झाले, तर कशावर चर्चा करायची ती एक ओळ आणि चर्चेचा दिवस त्याच शेऱ्यात लिहितो. पहिल्या दिवशी अकरा नस्त्यांवर तो शेरा लिहिणार होतो. कारण लिहायला बसलो, तेव्हा त्यांतल्या सात नस्त्यांवर लिहिण्यासारखे कारणच सापडले नाही आणि मी त्यांवर सही केली.

पायवाट

उतरंड साहेब, तुमचा हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तुम्ही ज्या भीतीविषयी लिहिले आहे, तिची दुसरी बाजू रुग्णालयात दिसते. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात औषधे देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या, कारण तिथली माणसे चूक झाली की ती मोकळेपणाने सांगत होती. ज्या कार्यालयात चुकांची नोंद शून्य असते, तिथे मला नेहमी काळजी वाटते.

मोजपट्टी

आणि कारण सांगण्याच्या परिणामाविषयी जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० मधला अभ्यास आहे. एका कंपनीच्या दोन कारखान्यांत पगार तात्पुरता १५ टक्क्यांनी कापला गेला. एका ठिकाणी व्यवस्थापनाने बसून सविस्तर कारणे सांगितली आणि खेद व्यक्त केला, दुसरीकडे थोडक्यात कळवले. दुसऱ्या ठिकाणी चोऱ्या कितीतरी जास्त वाढल्या. अभ्यास खाजगी कारखान्यांतला आहे, पण माणसे तीच असतात. बढती नाकारली गेल्याचे दुःख मी झेललेले आहे. यादीत नाव नव्हते आणि कारण कुठेही नव्हते. मी दोन वर्षे स्वतःच कारणे शोधत राहिलो आणि जी जी सापडली ती सगळी माझ्याविषयी वाईट होती.

अर्धविराम

शाईदौत यांच्या सहकाऱ्यांना एवढेच विचारा की परत आलेल्या नस्त्यांपैकी कोणती त्यांना सर्वांत जास्त आठवते.

शाईदौत

अर्धविराम, विचारले. त्यांनी वही उघडली नाही. सोळा वर्षांपूर्वीची एका पादचारी पुलाची नस्ती त्यांनी क्रमांकासह सांगितली. शाळेतल्या मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागत होता, म्हणून तो पूल मागितला होता. त्याच्या मंजुरीची टिपणी त्यांची होती. पूल झाला आहे हे त्यांना नस्तीतून कळले नाही. एकदा त्या बाजूला दुसऱ्या कामासाठी गेले असताना त्यांनी तो पाहिला, आणि कोणीही सांगितले नसताना ते त्यावरून जाऊन परत आले.

पायवाट

हे वाचून ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आठवला. विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी काहींची, त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटांची भेट घडवली. महिन्याभरानंतरही ते कर्मचारी आधीच्या दुपटीहून अधिक वेळ दूरध्वनीवर घालवत होते आणि जमा होणारी रक्कमही दुपटीच्या पुढे गेली होती. पगार, जागा, वरिष्ठ, काहीही बदललेले नव्हते. सार्वजनिक सेवेत असे विद्यार्थी, असे पूल जागोजागी असतात आणि ते आपल्या माणसांना दाखवायला आपण विसरतो.

शाईदौत

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या प्रतिसादांवरून मी जुन्या बावीस प्रश्नांपैकी दहा ठेवले आणि मनाविषयीचे नवे प्रश्न लिहिले. 'समाधानी आहात काय' हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी विचारले आहे की, ज्या गोष्टींसाठी तुम्हाला जाब विचारला जातो, त्यांपैकी किती गोष्टींचा निर्णय तुमच्या हातात असतो. गेल्या तीन महिन्यांत तुमच्या एखाद्या कामाचे पुढे काय झाले हे तुम्हाला कोणी सांगितले का. वरिष्ठांशी मतभेद लेखी नोंदवायची वेळ आली तर तुम्ही तो नोंदवाल का. योग्य वाटत नसताना नियमामुळे करावे लागलेले काम किती दिवस मनात राहते. आणि तुमच्याकडे पुरेसे काम आहे का. हा शेवटचा प्रश्न रिकामे टेबल यांच्यामुळे आला, मला तो सुचलाच नसता. पदनाम आणि शाखा हे रकाने अर्धविराम यांच्यामुळे गेले.

खिडकी क्रमांक तीन

शाईदौत, त्यात अजून एक घालाल का? 'तुमच्या रोजच्या कामातला कोणता नियम बदलला तर लोकांचा त्रास कमी होईल?' हे आम्हाला आजवर कोणी विचारलेले नाही आणि ते आमच्याइतके नेमके कोणालाही सांगता येणार नाही.

रांगेतल्या माणसांनी विचारले होते म्हणून सांगते. त्या बाई परत गेल्यावर मी एका पानाची टिपणी लिहिली : एका अक्षराचा फरक असेल आणि जन्मतारीख, पत्ता व छायाचित्र जुळत असेल, तर स्वयंघोषणापत्रावर अर्ज स्वीकारावा. ती मान्य व्हायला पाच महिने लागले. त्या बाईंना कळवण्यासाठी मी परत केलेल्या अर्जांच्या नोंदीतून पत्ता काढला आणि कार्यालयाच्या पत्रावर रीतसर कळवले. त्या आल्या नाहीत. त्यांचा मुलगा कागद घेऊन आला. घडीवर फाटलेल्या जागी मागून पांढरी पट्टी चिकटवलेली होती. मी त्याला त्यांची प्रकृती विचारली, तो 'बरी आहे' म्हणाला आणि मी अर्ज स्वीकारला.

उतरंड

शाईदौत, प्रश्नावलीचे निष्कर्ष कोणत्या तारखेला आणि कुठे लावले जातील, हे प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर छापा आणि त्या तारखेला तुमच्या वरिष्ठांची सही घ्या. नाहीतर भरून दिलेला प्रत्येक अर्ज ही तुमच्या सहकाऱ्यांच्या वहीतली आणखी एक खुणेवाचूनची नोंद होईल. सही मिळायला अडचण आली तर मला व्यक्तिगत निरोप करा. अशा नस्तीवर टिपणी कशी लिहावी हे मी सांगू शकेन.

शाईदौत

खिडकीताई, तुमचा प्रश्न पहिल्या क्रमांकावर घेतला आहे. उतरंड साहेब, तारीख छापून नस्ती आजच वर पाठवली आणि शेजारच्या टेबलावरून आग्रह झाल्यामुळे तिचा क्रमांक त्या वहीतही लिहिला गेला आहे. काय झाले ते इथे नक्की कळवीन.

अर्धविराम

भरलेले अर्ज टाकायची पेटी साहेबांच्या दालनाबाहेर ठेवू नका. जिन्यापाशी ठेवा.